ठिणगीची परीक्षा : विमानाच्या इंजिनातला स्पार्क प्लग

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणे फारसे अवघड नाही. ती नेमक्या फटीत पडावी आणि वीज दुसऱ्या कुठल्याही वाटेने पळून जाऊ नये, हे अवघड. स्पार्क प्लगच्या घडणीतच ही अडचण दिसते. मधोमध धातूची एक काडी, तिच्याभोवती वीज अडवणारे आवरण म्हणजे इन्सुलेटर, त्याबाहेर आटे पाडलेले पोलादी कवच, आणि काडीच्या टोकासमोर त्या कवचाला जोडलेले दुसरे टोक. दोन टोकांमधल्या फटीला मेकॅनिक गॅप म्हणतात. विमानाच्या प्लगमध्ये ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. मधल्या काडीवर हजारो व्होल्टचा दाब आला की फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते आणि सिलिंडरमधले पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटते. चार फेरांचे (फोर स्ट्रोक) इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत असेल, तर एका प्लगला मिनिटाला हजार ठिणग्या पाडाव्या लागतात. दहा तासांच्या उड्डाणात त्या सहा लाख होतात. यातली एखादी चुकली तर कुणाला कळतही नाही. ओळीने चुकायला लागल्या की वैमानिक उतरायला शेत शोधू लागतो.

मोटारसायकल चालू होईना की बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्ण्यातला गॅरेजवाला जे करतो, तेच पहिल्या पिढीतले विमान मेकॅनिकही करत. प्लग पान्याने प्लग काढायचा, वायर जोडून तो हेडला टेकवायचा आणि इंजिन फिरवून करंट येतो का पाहायचे. निळी ठिणगी दिसली की प्लग चांगला. मोटारसायकलचे या परीक्षेवर भागते, विमानाचे भागत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने 1889 मध्ये दाखवून दिले होते, की ठिणगी पडायला लागणारा विद्युतदाब वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. मोकळ्या हवेत अर्ध्या मिलिमीटरच्या फटीला अडीच-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने मिश्रण दाबलेले असते, तिथे त्याच फटीला कितीतरी जास्त दाब लागतो. अशा वेळी इन्सुलेटरला बारीक तडा असेल किंवा त्यावर काजळीचा थर असेल, तर विजेला ती वाट सोपी पडते. फट कोरडी राहते. हातात उत्तम ठिणगी देणारा प्लग इंजिनात मुका होतो, तो यामुळे. विमानाच्या प्लगच्या सुधारणेचा पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात ही फसवी परीक्षा टाकून खरी परीक्षा शोधण्याचा इतिहास आहे.

राइट बंधूंच्या विमानाला स्पार्क प्लगच नव्हता

17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा त्याच्या सुमारे 12 अश्वशक्तीच्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हता. चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने बनवलेल्या त्या इंजिनात सिलिंडरच्या आत दोन धातूचे तुकडे एकमेकांना टेकत आणि झटक्याने दूर होत. ते दूर होताना ठिणगी उडे. विद्युतदाब कमी असल्याने इन्सुलेटरची चिंता नव्हती, पण सिलिंडरच्या आगीत हलणारे भाग ठेवायचे म्हणजे झीज आलीच, आणि इंजिनाचा वेग वाढवण्यालाही मर्यादा येई.

यावरचा उपाय त्या वेळी तयार झालेला होता. ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना निदान 1860 मधल्या लेन्वारच्या गॅस इंजिनाइतकी तरी जुनी. 1902 मध्ये जर्मनीतल्या बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड याने उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी बनवली. मॅग्नेटो म्हणजे इंजिनानेच फिरवायचे वीज बनवण्याचे यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही, आणि वजनाचा हिशेब ग्रॅमात करणाऱ्या विमानात हा मोठाच फायदा होता. सिलिंडरमधला हलणारा भाग गेला. त्याच्याऐवजी हजारो व्होल्ट अडवून धरण्याची जबाबदारी बोटभर चिनी मातीवर आली.

मोटारीत ही चिनी माती बऱ्यापैकी टिकली. विमानात टिकेना. मोटारीचे इंजिन पूर्ण ताकदीने क्वचित चालते. विमानाचे इंजिन उड्डाण घेताना पूर्ण आणि नंतर तासन्‌तास जवळजवळ पूर्ण ताकदीने चालते, आणि उतरताना एकदम मंद होते. सिलिंडरमधली ज्वाला दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पुढच्याच क्षणी आत येणारे ताजे मिश्रण गार असते. इन्सुलेटरच्या टोकाला हे हेलकावे सतत सोसावे लागतात, आणि चिनी माती त्यांनी तडकते.

त्यातच 1909 च्या सुमारास फ्रान्सचे नोम रोटरी इंजिन लोकप्रिय झाले. यात सिलिंडरांचा अख्खा चक्राकार समूहच पंख्याबरोबर गरागरा फिरे. वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. वापरलेले एरंडेल परत गोळा होत नसे, ते धुरासह बाहेर उडे आणि वैमानिकाच्या तोंडावरही बसे. पहिल्या महायुद्धात त्याची मागणी एवढी वाढली की अमेरिकेने एरंडाची लागवड करण्यासाठी हिंदुस्थानातून बियाणे मागवले. रोटरीचा वेग कमी करायचा तर वैमानिक बटण दाबून ठिणगीच काही क्षण बंद करत. तेवढ्यात प्लगवर तेल आणि न जळलेले पेट्रोल बसे. बटण सोडल्यावर काही प्लग परत जागे होत नसत, आणि नेमकी ही वेळ उतरण्याची असे.

गरम आणि थंड

विमानाच्या प्लगला दोन शत्रू आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बळ देतो. इन्सुलेटरचे टोक साधारण 450 अंशांच्या खाली राहिले तर त्यावर काजळी व तेल साठते. काजळी म्हणजे कार्बन, तो वीज वाहून नेतो. टोक त्याहून तापले की काजळी आपोआप जळून जाते. पण 850-900 अंशांच्या पुढे तेच टोक निखाऱ्यासारखे तापून ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला तर ताकद जाते, आणि हे चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते.

म्हणून प्रत्येक इंजिनाला त्याच्या स्वभावाचा प्लग लागतो. इन्सुलेटरचे नाक लांब ठेवले तर उष्णता कवचाकडे उशिरा जाते आणि टोक गरम राहते, हा गरम प्लग. नाक आखूड ठेवले तर उष्णता लवकर निघून जाते, हा थंड प्लग. जोरकस इंजिनाला थंड प्लग, मवाळ इंजिनाला गरम. हा भेद समजल्यावर त्याचे माप काढणे आले. त्यासाठी एका सिलिंडरचे छोटे प्रमाणित इंजिन वापरू लागले. प्लग बसवायचा, आत जाणाऱ्या हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि प्लग स्वतःच मिश्रण पेटवू लागला की सिलिंडरमधला सरासरी दाब नोंदवायचा. हा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. अमेरिकेत या कामासाठी रूढ झालेल्या इंजिनाचे आकारमान 17.6 घन इंच, म्हणजे 300 घन सेंटिमीटरहूनही कमी आहे. मोटारसायकलच्या मापाच्या या इंजिनावर हजार-हजार अश्वशक्तीच्या विमान इंजिनांच्या प्लगची निवड ठरत आली.

अभ्रकाचा काळ

चिनी माती तडकते तर न तडकणारे काय वापरायचे? इंग्लंडमध्ये याचे उत्तर एका शर्यतवाल्या मोटारचालकाने शोधले. केनेल्म ली गिनेस याला आपल्या शर्यतीच्या गाडीला टिकाऊ प्लग मिळेना. 1912 च्या सुमारास त्याने लंडनजवळ पटनी व्हेलमध्ये अभ्रकाचे प्लग बनवायला घेतले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते के.एल.जी. या नावाने विकले जात. अभ्रकाचा पातळ पापुद्रा मधल्या काडीभोवती गुंडाळायचा, वर अभ्रकाच्या शेकडो चकत्या ओवायच्या, त्या दाबून घट्ट करायच्या आणि बाहेरून कातून गुळगुळीत करायच्या. अभ्रक उष्णतेच्या धक्क्याने तडकत नाही आणि विजेला चांगले अडवते. पहिल्या महायुद्धात अशा प्लगांना विमानांची बाजारपेठ मिळाली.

हे अभ्रक कुठून येत होते? जगातल्या पत्री अभ्रकाचा सर्वांत मोठा पुरवठादार तेव्हा हिंदुस्थान होता. कोडरमा, गिरिडीह आणि हजारीबागचा पट्टा आणि दक्षिणेत नेल्लोर इथल्या खाणींतून ते निघे. हाताने पापुद्रे सोलण्याचे कसब तिथल्या मजुरांकडे होते, त्यात बायका आणि मुलेही मोठ्या संख्येने असत. मॅग्नेटोच्या कंडेन्सरमध्येही हेच अभ्रक लागे. हिंदुस्थानात विमानाचे इंजिन बनत नव्हते, पण इंजिनाला पेटवणाऱ्या यंत्रणेतला हा महत्त्वाचा पदार्थ मात्र इथून जात होता.

अभ्रकालाही खोड होती. चकत्या कितीही दाबल्या तरी त्यांच्यामध्ये तेल हळूहळू झिरपे, तिथेच जळून त्याचा कोळसा होई आणि विजेला आतून वाट मिळे. बाहेरून पाहून हे कळत नसे.

प्रयोगशाळेतला प्लग

अमेरिका 1917 मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिने लिबर्टी नावाचे 12 सिलिंडरचे, सुमारे 400 अश्वशक्तीचे इंजिन हाती घेतले. प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एका इंजिनाला 24 प्लग. दोन प्लग ठेवण्याची कारणे दोन : एक बंद पडला तरी दुसरा काम चालवतो, आणि दोन बाजूंनी पेटलेले मिश्रण लवकर व पूर्ण जळते. प्लगची मागणी एकदम वाढली, तक्रारीही वाढल्या. वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेकडे हा प्रश्न गेला आणि तिथल्या अभ्यासाचे अहवाल विमानविद्येच्या राष्ट्रीय सल्लागार समितीने प्रसिद्ध केले. स्पार्क प्लगसारख्या वस्तूकडे कारागिरीऐवजी पदार्थविज्ञान म्हणून पाहण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल.

या लोकांनी प्लग कोणकोणत्या तऱ्हेने मरतो हे आधी वेगळे केले. काजळी व तेल, तडकलेला इन्सुलेटर, सांध्यातून वायू गळणे, तापल्यावर इन्सुलेटरने वीज झिरपू देणे. मग प्रत्येक मरणासाठी वेगळी परीक्षा लावली. जाड काच बसवलेल्या पोलादी डबीत प्लग घालून आत हवा दाबायची आणि ठिणगी फटीतच पडते की बगल देते ते काचेतून पाहायचे. प्लगवर दाब देऊन तो द्रवात बुडवायचा आणि बुडबुडे येतात का पाहायचे. इन्सुलेटर तापवून एकदम गार करायचा. काजळीला तोंड देण्याची ताकद पाहायची तर प्लग इंजिनात बसवून मुद्दाम तेलकट चालवायचा.

यातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट तापलेल्या चिनी मातीबद्दल होती. थंड असताना ती विजेला पक्की अडवते, पण तापमान वाढले की तिचा रोध झपाट्याने कोसळतो. म्हणून संशोधकांनी तुलनेसाठी एक माप ठरवले : एक घन सेंटिमीटर पदार्थाचा रोध ज्या तापमानाला दहा लाख ओमपर्यंत उतरतो, ते तापमान. नेहमीच्या चिनी मातीसाठी ते 400 अंशांच्या आसपास भरे. दोष मिश्रणातल्या फेल्डस्पार या खनिजाचा होता. त्यातले सोडियम व पोटॅशियमचे कण उष्णतेत हलू लागतात आणि वीज वाहतात. ते काढून दुसरी खनिजे घातली की माप वर जाते. अमेरिकेत चॅम्पियन कंपनीने पुढे अँडाल्युसाइटसारख्या अ‍ॅल्युमिनियमयुक्त खनिजांकडे वळून याच दिशेने प्लग सुधारले.

उंचीचा प्रश्न निराळाच होता. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्म्यावर येतो. पाशेनचा नियम इथे उलटा अंगाशी येतो : सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेलेच असते, पण प्लगचे वरचे टोक विरळ हवेत असते. मग ठिणगी आत न पडता बाहेरच, तारेच्या टोकापासून कवचाकडे उडी मारते. जमिनीवर हे कधीच दिसणार नाही. ब्युरोने यासाठी काँक्रीटची बंदिस्त खोली बांधली, तिच्यातली हवा उपसून व गार करून उंचावरचे वातावरण तयार केले आणि त्यात पूर्ण इंजिन चालवले. उपाय म्हणून प्लगचे वरचे टोक उंच केले गेले आणि पुढे ते धातूच्या नळीत बंद झाले. या नळीचे दुसरे कारण रेडिओ. विमानात रेडिओ आल्यावर दर ठिणगीची खरखर वैमानिकाच्या कानात येऊ लागली, ती या आवरणाने थांबली. पण आवरणात वीज साठू लागली आणि ठिणगीबरोबर ती मोकळी होऊन टोके लवकर झिजू लागली, म्हणून प्लगच्या पोटात एक रोधक बसवावा लागला. विमानाच्या आजच्या प्लगमध्येही तो असतो.

अबुकीरचे प्लग

या सगळ्या संशोधनानंतरही 1930 मध्ये प्लग ही भरवशाची वस्तू नव्हती. आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला 500 पौंडांचे बक्षीस लावले होते. त्या वर्षी मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले, तर 17 वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांकडे जिप्सी मॉथ विमाने होती. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला टाटा उतरले तेव्हा इंजिनियर तिथे अडकून पडलेले होते. त्यांचे प्लग निकामी झाले होते आणि जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळच्या जादा प्लगांतले काही त्यांना दिले. इंजिनियर कराचीला आधी पोचले आणि टाटा थोडक्यात हरले. पुढे 1960 मध्ये हेच अ‍ॅस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट टाटांच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण टाटांच्या सामानात जादा प्लग होते, यातून त्या काळच्या प्लगवर वैमानिकांचा किती विश्वास होता तेही दिसते.

शिसे आणि कुरुंद

1921 मध्ये टॉमस मिजली याला पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिनाची ठोक (नॉकिंग) थांबते असे आढळले. त्यामुळे मिश्रण जास्त दाबता येऊ लागले आणि विमान इंजिनांची ताकद भराभर वाढली. प्लगला मात्र हा नवा शत्रू मिळाला. जळल्यावर उरलेली शिशाची संयुगे अभ्रकाला खातात, निकेलच्या टोकांना खातात, आणि इन्सुलेटरवर बसून तापली की वीज वाहू लागतात. शिसे वायूरूपाने बाहेर जावे म्हणून इंधनात ब्रोमीनचे संयुग घालतात, तरीही थोडे मागे राहतेच.

अभ्रकाचे दिवस यामुळे संपले. उत्तर मिळाले ते शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये, म्हणजे कुरुंदाच्याच जातीच्या पदार्थात. त्याची पूड साच्यात दाबून अतिउच्च तापमानाला भाजली की कण एकमेकांना धरतात आणि अतिशय कठीण, तापल्यावरही वीज अडवणारा, उष्णता लवकर वाहून नेणारा इन्सुलेटर मिळतो. 1930 च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने आणि इंग्लंडमध्ये लॉज कंपनीने असे प्लग आणले. लॉजने आपल्या पदार्थाला सिंटॉक्स नाव दिले. ही कंपनी रेडिओलहरींवर काम केलेल्या सर ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांची. दुसऱ्या महायुद्धातल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला 24 प्लग लागत. अशा इन्सुलेटरशिवाय शिसेयुक्त 100 ऑक्टेन पेट्रोलवर ते इंजिन पूर्ण ताकदीने चालवणे कठीण गेले असते.

वालचंदनगरचा धागा

लासुर्ण्याजवळच्या जंक्शनवरून नीरा नदीच्या बाजूला वळले की वालचंदनगर लागते. साखर कारखान्याभोवती हे गाव वसवणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले आणि अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांनी यंत्रसामग्री व माणसे आणली. 1941 मध्ये तिथे जोडलेले हार्लो हे शिकाऊ विमान उडाले. त्याच्या वॉर्नर इंजिनाला सात सिलिंडर होते, म्हणजे 14 प्लग. पाठोपाठ राइट सायक्लोन इंजिनाचे कर्टिस हॉक आले, त्याला 18. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि लवकरच कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीसाठी जुंपला गेला. तिथे ओव्हरहॉलला येणाऱ्या डकोटा विमानाच्या एका इंजिनाला 14 सिलिंडर, दोन इंजिनांचे मिळून 56 प्लग.

या सगळ्या इंजिनांत सिलिंडर चक्राकार मांडलेले असतात. अशा इंजिनात खालचे सिलिंडर उलटे लटकलेले असतात. विमान उभे असताना तेल त्यांच्यात झिरपते आणि खालचे प्लग ओले होतात. म्हणून इंजिन चालू करण्याआधी माणसे पंखा हाताने काही फेरे फिरवताना जुन्या चित्रफितींत दिसतात. आत तेल जास्त साठलेले असेल तर पंखा अडतो आणि खालचे प्लग काढून ते ओतून द्यावे लागते.

बारामतीच्या धावपट्टीवर

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते. तिथल्यासारख्या छोट्या शिकाऊ विमानांच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत आजही मॅग्नेटो आहेत, आठ प्लग आहेत आणि पेट्रोलमध्ये थोडे शिसेही आहे. उड्डाणाआधी विद्यार्थी इंजिन 1,700-1,800 फेऱ्यांवर नेतो आणि चावी फिरवून एकेक मॅग्नेटो बंद करतो. एकाच बाजूच्या प्लगांवर इंजिन थोडे मंदावते. घट साधारण 125 ते 150 फेऱ्यांच्या आत आणि दोन्ही बाजूंच्या घटीतला फरक 50 च्या आत असेल तर ठीक. इंजिन थरथरले तर कुठल्या तरी प्लगवर शिसे किंवा तेल बसलेले असते. तेव्हा मिश्रणातले पेट्रोल कमी करून इंजिन काही वेळ जोरात चालवतात, प्लगचे टोक तापते आणि बरेचदा घाण जळून जाते. परत चाचणी करूनही घट तशीच राहिली तर विमान हँगरकडे वळते.

हँगरमध्ये प्लग खोलल्यावर ते कोणत्या सिलिंडरचे, वरचे की खालचे, हे क्रमाने मांडून ठेवतात. खालच्या प्लगमध्ये शिशाचे बारीक मणी सापडतात. ते टोकरून काढतात, वाळूसारख्या पुडीच्या झोताने टोक साफ करतात, गॅप मापाने लावतात, पोटातल्या रोधकाचे माप घेतात आणि मग तीच जुनी परीक्षा : दाबलेल्या हवेच्या डबीत प्लग घालून खिडकीतून ठिणगी पाहणे. बसवताना वरचा प्लग खाली आणि खालचा वर घालतात, तसेच एका सिलिंडरचा दुसऱ्याला देतात. मॅग्नेटोची वीज एका प्लगला धन तर दुसऱ्याला ऋण मिळते आणि त्यामुळे एकाचे मधले टोक जास्त झिजते, तर दुसऱ्याचे बाहेरचे. जागा बदलली की झीज वाटली जाते. तांब्याची वायसर दर वेळी नवी घालतात आणि प्लग ठरलेल्या जोरानेच आवळतात.

या कामात एखादा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो परत इंजिनात जात नाही. वरून शाबूत दिसला तरी कुरुंदाच्या इन्सुलेटरला केसाएवढा तडा गेलेला असू शकतो, आणि तो मेजावरच्या तपासणीत सापडेलच असे नाही.